घोड्या नसताना सर्क्युलर सॉने लाकूड सुरक्षितपणे कसे कापावे

हातात धरून चालवायची ७ इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची विजेवरची करवत, आता हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि घरचे कपाट, पलंग किंवा गच्चीवरचा मांडव स्वतः करणारेही ती वापरू लागले आहेत. मात्र लाकूड पेलून धरणाऱ्या सुतारी घोड्या फारच थोड्या घरांत असतात. घोड्या नसल्या तरी काम उत्तम होऊ शकते, पण त्यासाठी स्विच दाबण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे: काप पुरा होताच लाकडाचे दोन्ही तुकडे कुठे जाणार? घाई आणि निष्काळजीपणा ही अपघाताची कारणे असतातच. परंतु यंत्र अंगावर उसळते ते मुख्यतः लाकडाला दिलेला आधार चुकल्यामुळे.

यंत्र मागे का उसळते

१८५ मिमी व्यासाचे ब्लेड मिनिटाला ५,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर असतो. पुढच्या बाजूचे दात लाकडातून खालून वर येतात आणि तळाचे दात पुढच्या दिशेने धावतात. कापलेली खाच मिटून ब्लेड तिच्यात आवळले गेले, की तळाच्या दातांना पुढे जाता येत नाही आणि तोच सगळा जोर यंत्राला उलट, म्हणजे चालवणाऱ्याच्या दिशेने ढकलतो. ब्लेड खाचेत तिरके झाले तर मागचे दात लाकडाच्या वरच्या पृष्ठभागात रुततात आणि यंत्र खाचेतून वर चढून मागे झेपावते.

खाच मिटते कशी, हे समजून घ्यावे. फळीची दोन्ही टोके विटांवर ठेवून ती मधोमध कापायला घेतली, तर काप खोल जाईल तशी फळी मध्यभागी वाकते, खाचेचे वरचे तोंड आवळत जाते आणि ब्लेड धरले जाते. फळीचा मोठा भाग पक्का टेकलेला आणि कापून निघणारा आखूड तुकडा आधाराच्या बाहेर असेल, तर तो तुकडा आपल्या वजनाने खाली झुकतो आणि खाच उघडी राहते. म्हणून मशीन हातात घेण्यापूर्वी आखलेल्या रेघेवर तळहाताने जोर देऊन पाहावे. दोन आधारांच्या मध्ये फळी दबत असेल, तर ती मांडणी मोडून नव्याने करावी.

आधार कसा रचावा

प्लायवुडचा ८ बाय ४ फुटी तक्ता कापण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे सपाट जमीन. सारख्या जाडीच्या किमान ५० मिमी उंचीच्या चार लाकडी पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्या कापाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासून चार-पाच बोटे अंतर सोडून रेघेला समांतर ठेवाव्यात आणि उरलेल्या दोन तक्त्याच्या बाहेरच्या कडांखाली सरकवाव्यात. अशा रचनेत काप पूर्ण झाल्यावरही दोन्ही भाग जागच्या जागी पडून राहतात. काहीच खाली पडत नाही आणि काहीच आवळत नाही. पट्ट्या एकाच जाडीच्या नसतील, तर तक्ता डुलतो आणि खाच मिटते, म्हणून चारही कोपरे दाबून पाहावेत. हात पुरत नसेल तर तक्त्याच्या आधार असलेल्या भागावर गुडघा टेकायला हरकत नाही, मात्र गुडघा, पाऊल आणि वायर यांपैकी काहीही ब्लेडच्या वाटेत येता कामा नये.

पट्ट्यांऐवजी जाड थर्मोकोलची मोठी शीट जमिनीवर अंथरूनही हे काम होते. तक्ता सगळीकडून टेकलेला राहतो, ब्लेड थर्मोकोलमध्ये थोडे शिरले तरी बिघडत नाही आणि तीच शीट अनेकदा वापरता येते. थर्मोकोलचे दाणे मात्र वाऱ्याने सगळीकडे पसरतात, त्यामुळे गच्चीवर काम केल्यास ते लगेच गोळा करावेत.

सुट्या फळ्यांसाठी पायरीची किंवा भक्कम बाकाची कड पुरते. फळीचा मोठा भाग पायरीवर आडवा ठेवून दोन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या लोखंडी पकडींनी) आवळावा, नाहीतर त्याखाली पट्टी देऊन वरून पुरेसे वजन ठेवावे. रेघ कडेच्या बाहेर चार-पाच बोटे असावी. सुटणारा तुकडा हातभर लांबीचा असेल तर त्याला मोकळे पडू द्यावे. तो लांब आणि जड असेल, तर शेवटच्या क्षणी मोडून कपच्या निघतात, म्हणून त्याच्या दूरच्या टोकाखाली आधार द्यावा, पण तो मोठ्या भागाच्या पातळीपेक्षा किंचित खाली असावा. मदतनीस असेल तर त्याला आधीच स्पष्ट सांगावे, की तुकडा फक्त तळहातावर घ्यायचा, उचलायचा नाही. चांगल्या हेतूने उचललेले टोकही खाच मिटवते.

आपल्याकडच्या सुतारकामाची एक जुनी पद्धत येथे सोडावी लागते. जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून धरून हातकरवतीने कापणे हे कसबी सुतार पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत आणि हातकरवतीला ते शोभतेही, कारण ती हात थांबताच थांबते. सर्क्युलर सॉचे ब्लेड स्विच सोडल्यावरही काही क्षण फिरत राहते आणि त्या काही क्षणांत पायाची बोटे त्याच्या वाटेत असतात. मांडीवर धरलेली पट्टी, प्लास्टिकच्या स्टुलांवर ठेवलेली फळी आणि एका हाताने हवेत धरलेला तुकडा, हे तिन्ही प्रकार पूर्णपणे टाळावेत.

यंत्र आणि ब्लेड तपासणे

प्लग काढलेला असतानाच पुढील तपासणी करावी. खालचा सरकता गार्ड, म्हणजे ब्लेड झाकणारे कवच, बोटाने मागे ओढून सोडावा. तो खटकन पूर्ण मिटला पाहिजे. भुसा किंवा राळ साचून तो अडकत असेल तर साफ करावा. गार्ड दोरीने बांधून किंवा पाचर मारून उघडा ठेवण्याची सवय मी अनेक कामांवर पाहिली आहे आणि तिच्याइतकी धोकादायक दुसरी सवय नाही, कारण असे यंत्र जमिनीवर ठेवताक्षणी फिरते ब्लेड जमिनीला लागून ते चालू लागते. याच कारणाने लाकडाचे ब्लेड बसवलेला ४ इंची मार्बल कटर हा सर्क्युलर सॉला पर्याय नाही. त्याला खालचा मिटणारा गार्ड नसतो. ग्राइंडरवर तर लाकडाचे दातेरी ब्लेड कधीही चढवू नये.

ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावी आणि मधले छिद्र दांड्यावर घट्ट बसावे. जाड लाकूड रेषांच्या दिशेने चिरायला २४ दातांचे, प्लायवुडला ४० ते ६० दातांचे कार्बाइड ब्लेड योग्य ठरते. बोथट ब्लेड लाकूड जाळते आणि जोर लावायला भाग पाडते. पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान वापरत असाल, तर कापण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. डोके तुटून आत राहिलेले खिळे डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात भिजलेले लाकूड वाळू द्यावे, कारण ओला काप ब्लेडवर मिटतो.

कापाची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा ३ ते ६ मिमी जास्त, एवढीच ठेवावी. १८ मिमी प्लायवुडला २२ ते २४ मिमी खोली पुरेशी आहे. ब्लेड जितके कमी बाहेर, तितका धोका कमी.

डोळ्यांना गॉगल, कानांना प्लग आणि नाकाला एन-९५ मास्क लावावा. सैल बाह्या, ओढणी, लुंगी, मनगटावरचा धागा किंवा राखी काम संपेपर्यंत दूर ठेवावी. पायात चप्पल नको, बंद बूट असावेत. एक्स्टेन्शनची वायर जाड असावी, पूर्ण उलगडलेली असावी आणि घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा.

प्रत्यक्ष काप

गुण्या (काटकोन मापायची सुतारी पट्टी) लावून रेघ ओढावी आणि ब्लेड टाकाऊ तुकड्याच्या बाजूला राहील असे धरावे, नाहीतर ब्लेडच्या जाडीएवढे, सुमारे दोन-अडीच मिमी माप कमी भरते. दात खालून वर येत असल्याने कपच्या वरच्या बाजूला निघतात, म्हणून सनमायकाची किंवा दर्शनी बाजू खाली ठेवावी. लांब कापासाठी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्पने बांधून यंत्राचा बेस, म्हणजे खालची सपाट पाटी, तिला लावून चालवावा.

बेसचा रुंद भाग पक्क्या टेकलेल्या लाकडावर येईल अशी बाजू निवडावी. ब्लेडच्या सरळ मागे न उभे राहता थोडे बाजूला उभे राहावे किंवा बसावे, दोन्ही हातांनी मुठी धराव्यात आणि वायर खांद्यावरून मागे घ्यावी. ब्लेड लाकडापासून दूर असताना स्विच दाबावा, पूर्ण वेग येऊ द्यावा आणि मगच ते रेघेवर न्यावे. यंत्र स्वतः कापत जाते, आपण त्याला फक्त वाट दाखवायची असते. आवाज जड झाला तर गती कमी करावी. शेवटच्या दोन-तीन इंचांत घाई करू नये. काप पुरा झाल्यावर स्विच सोडावा आणि ब्लेड थांबून गार्ड मिटल्याचे पाहूनच यंत्र खाली ठेवावे.

ब्लेड आवळले किंवा रेघ सुटली तर

अशा वेळी यंत्र मागे ओढण्याचा मोह होतो आणि तोच घात करतो. फिरते ब्लेड खाचेतून मागे घेऊ नये, वळवून रेघेवर आणण्याचाही प्रयत्न करू नये. स्विच सोडावा, यंत्र जागच्या जागी घट्ट धरून ठेवावे आणि ब्लेड पूर्ण थांबल्यावर प्लग काढून मगच ते उचलावे. नंतर आधार दुरुस्त करावा. लांब चिरकापात खाच पुन्हा मिटत असेल, तर मागच्या भागात पातळ लाकडी पाचर सरकवावी. पुन्हा सुरू करताना ब्लेड खाचेच्या मध्यावर ठेवावे, दात लाकडाला टेकू देऊ नयेत आणि मगच स्विच दाबावा.

इजा झालीच तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये.

क्लॅम्प बसणार नाही इतका लहान तुकडा, अरुंद पट्टीची तासणी किंवा कोपऱ्यातला अर्धवट काप ही कामे या यंत्राची नाहीत. ती हातकरवतीने करावीत. आणि गच्चीवर तक्ता नीट मांडण्याइतकीही जागा नसेल, तर मापांचा कागद घेऊन प्लायवुडच्या दुकानातूनच तक्ता कापून आणावा. अनेक दुकाने थोड्या पैशांत ते करून देतात.