मचाण बांधण्याआधी आपला वास कुठे जातो ते बघा

पहिली दोन वर्षं हरणाच्या शिकारीला बसायची जागा मी निवडायचे ती हरणाच्या खुणा बघून. पायवाट दिसली, लेंड्या दिसल्या, नराने शिंगं घासून सोललेलं खोड दिसलं की तिथलंच झाड पकडायचं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एका घळीच्या तळाशी पांढऱ्या ओकवर बसले होते. खाली ओकच्या फळांचा सडा पडलेला. फोनवर वारा वायव्येचा, आणि पायवाटही वायव्येकडूनच येणारी. म्हणजे माझा वास हरणांपासून दूर जाणार, पुस्तकी हिशेबाने सगळं बरोबर होतं. साडेपाचच्या सुमाराला सूर्य डोंगरधारेमागे गेला, गालाला गार झुळूक लागली आणि पाच मिनिटांत घळीच्या तोंडाशी, लसूणघासाच्या शेतातून फुस्कारा ऐकू आला. मग दुसरा. पाय आपटल्याचा आवाज, आणि तीन पांढऱ्या शेपट्या वर करून हरणं पसार. मला ती दिसायच्या आधी मी त्यांना कळले होते, तेही दीड-दोनशे पावलांवरून.

मी मूळची परभणीची. तिथेच अन्नतंत्र शिकले, आता नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमध्ये एका चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या रानात बसायची परवानगी दिली आणि मी शिकाऱ्यांचं सुरक्षा प्रशिक्षण घेतलं. इथे 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्याशिवाय परवाना मिळत नाही. परभणीला आजोबांच्या ज्वारीत माळा होता, रानडुकरं हाकायला. त्यावर बसून कुणी वाऱ्याचा विचार करत नसे, कारण तिथे डुकरांना आपण आहोत हे कळावं हाच उद्देश. इथे बरोबर उलटं. (भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, हे वेगळं सांगायला नको. पण बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात किंवा ताडोबात पाणवठ्यावर मचाणावर बसणाऱ्यांनाही पुढचं बरंचसं कामी येईल.)

तर त्या संध्याकाळी काय झालं? फोन सांगतो तो मोकळ्यावरचा, उंचावरचा वारा. घळीत त्याचं राज्य नसतं. आमचा हा भाग हिमयुगातल्या हिमनद्यांखाली सापडला नाही, म्हणून सपाट झाला नाही. नुसत्या धारा, सोंडा आणि खोल घळी. अशा मुलखात सकाळी ऊन लागलं की उतारावरची हवा तापून वर चढते. संध्याकाळी सावली पडली की तीच हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळते, घळीत गोळा होते, ओढ्याच्या दिशेने वाहत जाते. वरचा वारा मंद असेल तर हा ओघळच जिंकतो. मी घळीत बसले होते म्हणजे नळाच्या पाइपात बसले होते, आणि पाइपाचं दुसरं टोक लसूणघासात होतं.

तेव्हापासून मी प्रश्नच उलटा केला. हरीण कुठून येईल हे नंतर. आधी हे ठरवायचं, की माझा वास सांडायला कुठे जागा आहे? जिथे हरणाला जायचं कारणच नाही अशी जागा शोधायची: तीव्र कडा, तळं, गावाचा रस्ता, नांगरलेलं उघडं रान. तिकडे वास जात असेल तर जाऊ दे. मग त्या जागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला एखादी पायवाट आहे का ते बघायचं.

माझी सकाळची जागा अशीच सापडली. एका घळीचा माथा इतका उभा आहे की हरणं ती उतरत नाहीत, वळसा घालून माथ्यावरून जातात. घळ वायव्येकडून आग्नेयेला उतरते. मी काठावरच्या हिकरीच्या झाडावर बसते. पायवाट माझ्या वायव्येला वीसेक पावलांवर. वायव्येचा वारा पायवाटेवरून माझ्याकडे येतो आणि माझा वास घळीच्या पोकळीवरून पलीकडे जातो. नोव्हेंबरात थंडीची लाट आली की वारा दक्षिणेकडून फिरून वायव्येला येतो, आणि त्याच सुमाराला नर माद्यांच्या मागे हिंडत असतात, त्यामुळे ही जागा ऐन वेळेला उपयोगी पडते. पण संध्याकाळी तिथे बसायचं नाही. तोच पाइप!

संध्याकाळी मी ओढ्याजवळ, शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बसते. हरणं वरून शेतात उतरतात, गार हवा त्यांच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून ओढ्याबरोबर खाली निघून जाते.

आता एक गोष्ट जी समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हरीणही वारा बघूनच चालतं. वायव्येच्या वाऱ्यात अनुभवी नर धारेच्या आग्नेय उतारावर, वरच्या एक तृतीयांश भागात बसतो. पाठीमागचं नाकाला कळतं, खालचं डोळ्यांना दिसतं, आणि ऊन चढलं की खालचा वासही वर येतो. अशा प्राण्याला संपूर्ण गैरसोयीच्या वाऱ्यात चालवायचं म्हणाल तर तो येणारच नाही. म्हणून तुमच्या दृष्टीने शंभर टक्के बिनधोक जागा बहुधा रिकामी जागा असते. हवी ती अशी, की हरणाला वाटावं वारा आपल्या बाजूचा आहे, आणि तुमचा वास त्याच्या वाटेच्या दहा-पंधरा पावलं बाजूने निघून जावा. जुगारच आहे हा. वारा थोडा सरकला तर खेळ खलास.

म्हणून मोजून बघायचं, आणि ते हंगामात नाही. मी मार्चमध्ये जाते. बर्फ वितळत असतो, पानं नसतात, गेल्या हिवाळ्यातल्या वाटा कोरल्यासारख्या दिसतात, आणि हरणं उठून पळाली तरी आठ महिन्यांत विसरतात. बरोबर घ्यायची म्हातारी. हो, तीच, लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो ती. इथल्या शेतांच्या बांधावर मिल्कवीड नावाचं रोप असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. शेंग फोडली की तशाच रेशमी म्हाताऱ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-चार शेंगा काढून डबीत ठेवा. दुकानात वारा बघायच्या पावडरीच्या बाटल्या मिळतात, पण पावडर हातभर जाऊन दिसेनाशी होते. म्हातारीचा साठ-सत्तर पावलांपर्यंत डोळ्यांनी पाठलाग करता येतो. ती सरळ जाते, मग एखाद्या झाडाला वळसा घालते, खाली बसते, कधी कधी तर परत तुमच्याकडेच येते. परत आली तर ते झाड सोडा, खालच्या खुणा कितीही चांगल्या असोत.

झाडावर चढून सोडा, कारण पंधरा-वीस फुटांवरचा वारा जमिनीवरच्यापेक्षा वेगळा असतो. आणि वेगवेगळ्या वेळी सोडा: ऊन यायच्या आधी, दहा वाजता, सावली पडताना. माझ्या वहीत प्रत्येक झाडाला एक पान आहे. तारीख, वेळ, फोनवरचा वारा, म्हातारी कुठे गेली. दोन वर्षांनी त्या वहीतून कळलं, की ताशी पाच मैलांखालच्या वाऱ्यात माझ्या रानात काहीच सांगता येत नाही, आणि वारा ताशी आठ ते बारा मैल असला की फोन आणि म्हातारी बहुतेक वेळा एकमत असतात.

जायची वाट हाही जागेचाच भाग. पहाटे हरणं शेतात चरत असतात, तेव्हा शेत ओलांडून जाणं म्हणजे दवंडी पिटणं. मी मागच्या रस्त्याला गाडी लावून ओढ्याच्या पात्रातून चालत जाते, रबरी बूट घालून. जास्त अंतर पडतं, पण वास हरणांपासून दूर राहतो. तशी वाट सापडत नसेल तर मी जागा रद्द करते.

वास मारायचे फवारे, खास साबण यांवर मी पूर्वी बरेच पैसे घालवले. एकदा जॅकेट स्वयंपाकघराजवळ टांगलेलं राहिलं आणि हिंगाच्या फोडणीसकट मी झाडावर बसले. त्या दिवशी वारा बरोबर होता आणि मादी पंचवीस यार्डांवर निवांत चरून गेली. त्यानंतर फवारा घेतला नाही. जॅकेट मात्र आता गॅरेजमध्ये असतं.

झाड निवडताना खोड जिवंत, सरळ आणि तुमच्यापेक्षा रुंद हवं, पाठीशी फांद्या हव्यात, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठत नाही. जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा बांधलेला पाहिजे. क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) न ताणता, दोरीने वर ओढून घ्यायचा. बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामात बाणवाल्यांनीही भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी घालायचं असतं.

एका झाडावर भागत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. माझी तीन आहेत: वायव्येचं, पश्चिमेचं आणि एक दक्षिणेच्या वाऱ्याचं, जे सुरुवातीच्या उबदार दिवसांत लागतं. सुट्टी शनिवारीच मिळते, त्यामुळे चुकीच्या वाऱ्यात "आज जाऊन तर बघू" असं फार वाटतं. मी गेलेय तशी. एका सकाळीत जागा नासते, पुढचे दोन आठवडे त्या वाटेला मोठा नर फिरकत नाही. आग्नेयेच्या वाऱ्याला माझ्याकडे अजून झाडच नाही. गेल्या नोव्हेंबरात दोन शनिवार तसे गेले. एकदा म्हाताऱ्याचं कुंपण नीट करून दिलं, एकदा थालीपिठं केली.