जुना ‘पॅराशूट’ बंद पडलाय? या चुका टाळा

गोव्यात, आमच्या डिचोलीत श्रावण सरेपर्यंत कपाटातल्या पट्ट्यांनाही बुरशी येते. त्याच कपाटात मामांनी बोटीवरून आणलेला निन्टेंडोचा ‘पॅराशूट’ होता. १९८१ चा, गेम अँड वॉच मालिकेतला, हातात धरून खेळायचा सेलवरचा इलेक्ट्रॉनिक खेळ. वर हेलिकॉप्टर, त्यातून उड्या टाकणारी माणसं, खाली त्यांना झेलणारी होडी आणि पाण्यात शार्क. चतुर्थीच्या साफसफाईत असा खेळ हाती लागला, तर तो मेला म्हणून टाकू नका. बहुतेकदा तो जिवंत असतो, आपणच घाईत मारतो.

पहिली चूक सेलची, आणि ती मी स्वतः केली आहे. एलआर ४३ आणि एलआर ४४ हे दोन्ही बटणासारखे सेल ११.६ मिमी रुंद, त्यामुळे बाजारात एकाच्या जागी दुसरा सहज हातात पडतो. पण ४३ ची जाडी ४.२ मिमी, ४४ ची ५.४. मी ४३ च्या जागी जाड ४४ दाबून बसवला आणि आतली पितळी पट्टी कायमची वाकली. झाकणाजवळचा आकडा वाचा, मगच दुकानात जा. काढलेले सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.

सेल फुटून पांढरा-निळा थर जमला असेल तर तो चाकूने खरवडू नका, खाली गंज चढलेली पट्टी तुटते. थर अल्कलीचा असतो, म्हणून कापसाच्या काडीवर पांढऱ्या व्हिनेगरचा एकच थेंब घेऊन हलकेच पुसा. स्वयंपाकघरातलं माडाचं गढूळ विनागर नको. मग झटकन उडून जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

उन्हात मात्र वाळवू नका. आपण पापड-गाद्यांसारखं सगळंच अंगणात टाकतो, पण काचेवरची पोलरायझर फिल्म (प्रकाश गाळणारा पातळ पापुद्रा) उन्हाने खराब होते. पडदा काळवंडला की सेल बदलून काही होत नाही.

नवे सेल घातल्यावर एसीएलचं, म्हणजे रिसेटचं, बटण टाचणीने दाबायला विसरू नका. ते दाबून धरलं की सगळी चित्रं एकदम उमटतात. एखादं चित्र उमटलंच नाही, तर काच आणि सर्किटमधल्या रबरी पट्टीचा संपर्क तपासा.

खेळतानाची चूक एकच, पण सगळे तीच करतात: डोळे हेलिकॉप्टरवर. पाहायचं ते सर्वांत खाली आलेल्या माणसाकडे. होडीला जागा तीनच, त्यामुळे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोनदा दाबावं लागतं. ‘गेम बी’ या अवघड प्रकारात माणूस माडाला अडकून झोके घेतो. तो कधी सुटेल या आशेवर होडी तिथेच उभी ठेवू नका. तीन माणसं पाण्यात पडली की खेळ खलास, पण २०० आणि ५०० गुणांना आधीच्या चुका पुसल्या जातात. १८० च्या पुढे गेलात की घाबरून बटणं बडवू नका, आणखी वीस माणसं झेला.