सूचना एकत्र होताना गुळाचं वजन हरवू नये म्हणून

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी मॅकवर वजननोंदीचं अ‍ॅप केलं होतं. काट्यावर गुळाचे रवे पटापट चढायचे आणि चार रव्यांमागं नोंद एकाचीच! चूक माझीच. नोटिफिकेशनक्यूला, म्हणजे अ‍ॅपच्या एका भागाचे निरोप दुसऱ्याला पोचवणाऱ्या रांगेला, सूचना देताना कोअलेस मास्क, म्हणजे कोणत्या सूचना एकत्र करायच्या ते सांगणारा पर्याय, लिहिलाच नाही, तर नाव आणि पाठवणारा दोन्ही जुळणाऱ्या, रांगेत थांबलेल्या सूचनांतली एकच उरते. यूजरइन्फोमधलं, म्हणजे सूचनेसोबत जाणाऱ्या माहितीतलं, वजन वेगळं आहे का, हे ती रांग बघतच नाही. म्हणून वजनाच्या सूचनेला मास्क रिकामा द्या, ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत नोकोअलेसिंग. बेरजेचा आकडा पडद्यावर पुन्हा रंगवायला मात्र ऑननेम (नाव जुळलं की एकत्र कर) आणि व्हेनआयडल (अ‍ॅप मोकळं असताना पाठव) झकास. दहा सूचना आल्या तरी रंगकाम एकदाच.