रेफरल कोडवरून युजर काढून टाकण्याचं एपीआय टूल कसं बनवावं

ॲपमध्ये नवीन माणूस ज्याच्या ओळखीने येतो त्याचा रेफरल कोड टाकतो आणि बक्षीस मिळतं. पण ग्राहकाला बहिणीचा कोड टाकायचा असतो आणि पडतो शेजाऱ्याचा. कुणाची इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत होते. एखादा पठ्ठ्या चार सिमकार्डं वापरून स्वतःच स्वतःला 'आणतो'. मग सपोर्टकडून डेव्हलपरला मेसेज जातो, "हा युजर त्या कोडवरून काढ ना प्लीज", आणि डेव्हलपर थेट चालू डेटाबेसमध्ये हात घालतो.

मीही घातला होता. एका कामात एक कोड वादात सापडला होता, म्हणून कोडच्या टेबलमधली ती एक ओळ मी उडवली. दोन टेबलं 'ऑन डिलीट कॅस्केड'ने जोडलेली होती. कोडची ओळ गेली, तशा तिच्याखालच्या सगळ्या रेफरल नोंदीही गेल्या. त्यांत प्रामाणिकपणे माणसं जोडलेल्यांच्याही नोंदी होत्या. बॅकअपमधून त्या परत आणेपर्यंत उजाडलं. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे: युजर वेगळा, कोड वेगळा आणि त्या दोघांमधलं नातं वेगळं. टूलने हात लावायचा तो फक्त नात्याला, म्हणजे 'हा युजर या कोडवरून आला' या नोंदीला.

म्हणून सुरुवात टेबलपासून करा. युजर आणि कोड यांना जोडणारं स्वतंत्र टेबल हवं आणि त्यात तीन जादा रकाने हवेत: काढल्याची वेळ, कोणी काढलं आणि का काढलं. ओळ पुसायची नाही, हे रकाने भरायचे. इथे एक अडचण येते. 'एका युजरला एकच रेफरल' असा साधा युनिक (दुसरी तशीच ओळ न चालणारा) नियम असेल, तर चुकीचा कोड काढल्यावरही बरोबर कोड लावता येणार नाही, कारण जुनी ओळ अजून जागेवरच आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हा नियम पाळणाऱ्या युनिक इंडेक्सला अट घालता येते. 'काढल्याची वेळ' रिकामी असलेल्या ओळींपुरताच तो लागू करा.

मग एपीआयचा पत्ता, म्हणजे दुसरा प्रोग्राम ज्या यूआरएलवर विनंती पाठवतो तो. रेफरल-कोड, त्यापुढे कोडचा आयडी, त्यापुढे युजर आणि शेवटी युजरचा आयडी, असा तो वाचताच कळावा. त्यावर डिलीट ही विनंती पाठवायची. पत्त्यात मोबाइल नंबर किंवा ईमेल मुळीच नको. सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ते जसेच्या तसे साठत राहतात. डिलीटसोबत बॉडीत (विनंतीच्या आतल्या मजकुरात) कारण पाठवायचा मोह होतो, पण एचटीटीपीच्या २०२२च्या आरएफसी ९११० या मानक दस्तऐवजाप्रमाणे डिलीटच्या बॉडीला ठरावीक अर्थ नाही, काही सर्व्हर अशी विनंती नाकारूही शकतात. कारण लिहून घेणं मला अत्यावश्यक वाटतं. त्यामुळे ठरावीक कारणांचे छोटे कोड करावेत, 'चुकीचा-कोड', 'बनावट-खाते' असे, आणि ते क्वेरीमधून, म्हणजे पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे, पाठवावेत.

परवानगी तपासताना घाई नको. टोकन (विनंती करणाऱ्याचं डिजिटल ओळखपत्र) खरं आहे एवढं पाहून भागत नाही. टोकनवाल्याला *हा* कोड हाताळायचा अधिकार आहे का, हे प्रत्येक विनंतीला पाहावं लागतं. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या एपीआय धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक हे न तपासण्याच्या चुकीचा आहे. सर्व्हरने उत्तरात एचटीटीपीचा ठरलेला क्रमांक द्यावा: टोकनच नसेल तर ४०१, टोकन आहे पण अधिकार नाही तर ४०३.

आता सगळ्यात नाजूक भाग, पैसे. समजा, रेफरलमुळे दोघांच्या वॉलेटमध्ये ५०-५० रुपये जमा झाले होते. नातं तुटलं तर त्यांचं काय? जुनी जमा नोंद कधीही पुसू नका. दुकानातला मुनीम करतो तशी उलटी नोंद टाका: तेवढीच रक्कम नावे, सोबत मूळ नोंदीचा क्रमांक. पैसे खर्च झालेले असतील आणि चूक साधी असेल, तर ग्राहकाची शिल्लक उणे करू नये असं माझं ठाम मत आहे. फसवणुकीचं प्रकरण असेल तर ते माणसाने बघून ठरवावं, टूलने नाही.

नातं काढणं, उलटी नोंद आणि ऑडिट लॉग (कोणी काय केलं याची नोंदवही) ही तिन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसवा, म्हणजे झाली तर तिन्ही होतील, नाहीतर एकही नाही. दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? अपडेट करताना 'काढल्याची वेळ रिकामी असेल तरच' ही अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तरच उलटी नोंद टाका. शून्य असेल तर दुसऱ्याने काम आधीच केलेलं आहे, पैशांना पुन्हा हात लावायचा नाही.

उत्तरं साधी ठेवा. काम झालं की २०४. नेटवर्क तुटलं म्हणून तीच विनंती परत आली, तरीही २०४. डिलीट 'आयडेम्पोटंट' असावं म्हणतात ते हेच, दहादा पाठवली तरी परिणाम एकदा पाठवल्याइतकाच. असं नातं कधी नव्हतंच, तर ४०४. ओळ पुसली नसल्यामुळेच हा फरक तुम्हाला सांगता येतो. पैशांचा निर्णय अडकला असेल तर ४०९ आणि सोबत समजेल अशा भाषेतलं कारण.

एकदम शेकडो युजर काढायचे असतील तर त्यासाठी वेगळा पत्ता आणि पोस्ट विनंती करा. त्यात 'फक्त दाखव' हा पर्याय असावा आणि काही न सांगितल्यास तोच लागू असावा. कोणत्या ओळी जातील आणि किती रुपये परत घेतले जातील हे आधी पडद्यावर दिसलं पाहिजे. निकालही प्रत्येक युजरचा वेगळा द्या. त्रेचाळिसावा अडला म्हणून आधीचे बेचाळीस झाले की नाही, हा संभ्रम राहू नये.

ग्राहकाने "माझी माहितीच पुसा" असं म्हटलं, तर ते काम या टूलचं नव्हे. ती विनंती डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या वाटेने जाते. तिच्यासाठी वेगळी प्रक्रिया लावा.

टूल चालू करण्याआधी टेस्ट सर्व्हरवर एक चाचणी माझ्यासाठी म्हणून नक्की करा. एक कोड आणि त्यावर तीन युजर घ्या. मधल्याला काढा, तीच विनंती लगेच पुन्हा पाठवा आणि मग त्याला नवीन कोड लावा. उरलेले दोघे जागेवर, उलटी नोंद प्रत्येक वॉलेटमध्ये एकच आणि नवीन कोड विनातक्रार लागलेला दिसला, की टूल सपोर्टच्या हाती द्या.