पुनवेला बारा वाजता तिथं पाणी असतं : मुलांसाठी रहस्यकथा लिहिताना

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी मी रहस्यकथा, साहसकथा आणि भुताच्या गोष्टी लिहिते. नोकरी बँकेत आहे, त्यामुळे लिहिणं पहाटे आणि रविवारी. नऊ वर्षांत चाळीसेक गोष्टी छापून आल्या, एक छोटी कादंबरी झाली. नव्याने लिहू पाहणारे भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कल्पना कुठून सुचतात?’ मला तो प्रश्न कधीच फार अवघड वाटला नाही. कल्पना पुष्कळ सुचतात. गोष्ट मुलांसमोर टिकते का, हे कळायला मात्र मला दोन वर्षं लागली, आणि ते मला एका सहावीतल्या मुलीने शिकवलं.

माझी बदली तेव्हा अलिबागला झाली होती. महिन्यातून दोन शनिवारी मी एका शाळेत गोष्टी वाचून दाखवायला जायचे. एकदा मी माझी स्वतःचीच नवी गोष्ट नेली. कुलाबा किल्ला मुलांच्या रोजच्या नजरेतला. ओहोटी असली की वाळूतून चालत किंवा घोडागाडीने जाता येतं आणि भरतीला किल्ल्याच्या चहूबाजूंनी पाणी. माझ्या गोष्टीत पौर्णिमेच्या रात्री ठीक बारा वाजता तीन मुलं टिपूर चांदण्यात वाळू तुडवत किल्ल्याकडे निघतात. चांदणं, लाटांचा आवाज, दूर तटावर हलणारा दिवा. मला तो प्रसंग फार आवडला होता. वाचताना मुलं शांत बसली होती, म्हणून मला वाटलं, जमलंय.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगी कोळीवाड्यातली होती. म्हणाली, ‘‘ताई, पुनवेला राती बाराला तिथं पानी भरलेलं असतं. चालत कोन जाईल?’’

वर्ग हसला नाही. उलट चार-पाच जणांनी मान डोलावली. त्यांना ते आधीच खटकलं होतं, फक्त पाहुण्या बाईंना सांगायचं कसं म्हणून ती गप्प होती. मी ज्याला शांतता समजत होते ती गोष्टीत रमल्याची नव्हतीच.

घरी आल्यावर मी शेजारच्या एका वयस्कर मच्छीमार काकांना विचारलं. त्यांनी बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल त्या वेळेला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दिवसा आणि रात्री सव्वाअकराच्या सुमाराला समुद्र पूर्ण भरलेला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशोब आहे, थोडंफार मागेपुढे होतं, पण गोष्टीपुरता अगदी भरवशाचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड हटतही नाही. म्हणजे माझ्या मुलांना अष्टमीला हलवून भागलं नसतं. हिशोबाने अष्टमीला बारा वाजता ओहोटी खरी, पण वाट उघडी पडेल याची खात्री नाही.

मग मी संकष्टीचा हिशोब केला. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. आणि संकष्टीचा चंद्रही नऊच्या आसपासच उगवतो! गच्चीवर सगळं घर चंद्र उगवण्याची वाट बघत उभं आहे, आई उपास सोडायला थांबली आहे, सगळ्यांचे डोळे पूर्वेच्या आकाशाकडे, आणि एकटी धाकटी मुलगी कंटाळून मागे वळून समुद्राकडे बघते. तिला किल्ल्याच्या दिशेने जाणारा दिवा दिसतो. हे मला खोलीत बसून कधी सुचलं नसतं.

आता गावात बोलबाला आहे की समुद्रावर रात्री दिवा चालतो. काहींनी तो पौर्णिमेला मध्यरात्री पाहिला, मुलीने संकष्टीला नऊ वाजता पाहिला. मोठी माणसं म्हणतात, एकच दिवा, भुताचा. मुलीच्या लक्षात राहिलेलं असतं ते एवढंच की तिने पाहिलेला दिवा पावला-पावलाला खालीवर होत होता, आणि पौर्णिमेला पाहणारे सांगतात की तो तरंगत सरळ गेला. पंचांग उघडल्यावर उलगडा होतो. पौर्णिमेला तिथे पाणी, म्हणजे दिवा होडीत. संकष्टीला तिथे वाळू, म्हणजे दिवा माणसाच्या हातात. भूत असतं तर त्याला भरती-ओहोटी बघून चालण्याची पद्धत बदलावी लागली नसती. आणि गोष्टीतला जो माणूस छातीठोक सांगतो की पौर्णिमेला बाराला मी किल्ल्यातून चालत परत आलो, तो खोटं बोलतो हे दहा वर्षांच्या मुलीला कॅलेंडर बघून कळतं.

ही गोष्ट मी परत त्याच वर्गात वाचली. दिवा तरंगत गेला, या वाक्यापाशी मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. मी थांबले नाही. त्यांना उत्तर माझ्या आधी सापडलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हापासून माझ्या लिहिण्याची एकच कसोटी आहे. उलगडा मुलाच्या हाताला लागेल अशा वस्तूंतून झाला पाहिजे. बोटांच्या ठशांचा अहवाल, पोलिसांनी काढलेलं फोनचं लोकेशन, कुणा काकांनी ऐनवेळी सांगितलेलं गुपित यातलं काहीही मुलाच्या हातात नसतं. त्याच्या हातात काय असतं ते घरात फिरून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईने टिपलेले दुधाचे खाडे. कोणत्या तारखेला घर बंद होतं हे त्याहून पक्कं कुठेही लिहिलेलं नसतं. एसटीचं तिकीट, त्यावर छापलेली वेळ आणि थांबे. वाण्याची उधारीची वही. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलेला पायाचा ठसा. एका गोष्टीत तर माझा सगळा उलगडा दाराबाहेरच्या रांगोळीवर उभा आहे. रांगोळी सकाळी काढली, दिवसभरात कुणी आत आलं नाही असं सगळे सांगतात, पण एका कोपऱ्यातले ठिपके पुसून परत घातलेले आहेत आणि घालणाऱ्याला ठिपक्यांचं गणित येत नव्हतं.

खूण लपवायची कशी, याबद्दल एक सांगते. ती प्रसंगाच्या शेवटी ठेवू नका, तिथे प्रत्येकाची नजर थांबते. कामाच्या गडबडीत, तीन वस्तूंच्या मध्ये ठेवा. आणि खूण दिल्यावर लगेच गंमत, भांडण किंवा खाणं येऊ द्या. मुलं खाण्याचं वर्णन फार मन लावून वाचतात, त्याच्या आधीचं वाक्य हमखास विसरतात. उलगडा झाल्यावर मात्र ती पानं मागे उलटून बघतात. तिथे ते वाक्य खरंच असलं पाहिजे, त्याच शब्दांत. त्यांना फसवलं गेल्याची शंका आली तर ती त्या लेखकाकडे परत जात नाहीत.

मोठ्या माणसांचं काय करायचं, हा नव्या लिहिणाऱ्यांचा मोठा पेच. आईवडिलांना परगावी पाठवणं किंवा मूल अनाथ करणं या दोन्हींचा मला कंटाळा आला आहे. आपल्याकडे मोठी माणसं घरात असूनही मुलांकडे लक्ष नसण्याचे प्रसंग भरपूर आहेत. कोकणातल्या घरात गणपतीत तीस माणसं जमतात. पोरं दुपारी दिसली नाहीत तर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या पंगतीत जेवली असतील. भात लावणीचे दिवस, घरातलं लग्न, आजीचं हॉस्पिटल, दहावीतल्या ताईची परीक्षा. मुलगा घरातल्या घरात अदृश्य होतो आणि त्याला मोकळी वाट मिळते. शिवाय घर गजबजलेलं असलं की संशय घ्यायला माणसंही मिळतात.

मोबाइललाही घाबरू नका. दर गोष्टीत रेंज गेली असं लिहिलं की वाचणारी मुलंच म्हणतात, परत तेच. आईचा फोन अर्धा तास मिळतो, त्यात बॅटरी दहा टक्के, आणि त्या अर्ध्या तासात काय शोधायचं यावर तिघांचं भांडण. हा प्रसंग रेंज जाण्यापेक्षा जास्त रंगतो.

भ. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की तो पुण्यात शिकणारा, पण फुरसुंगीचा आहे. फुरसुंगी हे खरं गाव आहे, पुण्याला लागून. साहस करायला मुलाला कुठल्या तरी अनामिक बेटावर जावं लागत नाही, सायकलवर टांग मारली की साहस सुरू होतं, हे मराठी मुलांना त्यांनी दिलेलं मोठं देणं आहे. तुमच्या नायकालाही पत्ता द्या. पाण्याची टाकी कुठे, रिक्षा स्टँड कुठे, शॉर्टकट कोणाच्या परसातून जातो, हा नकाशा मी कागदावर काढूनच लिहायला बसते.

आता भुतांबद्दल, कारण हा विषय माझ्या सगळ्यात जवळचा आहे.

आपल्याकडे भुतांची केवढी मोठी बिरादरी आहे! पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळच्या आसरा, खवीस, समंध, ब्रह्मराक्षस, सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवचार. वेताळाला तर तळकोकणात देवपण आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. देवळातल्या चपलांचा तळ सकाळी झिजलेला दिसणं, एवढ्या एका गोष्टीत भीती आणि आधार दोन्ही आहेत. रात्री बाहेर कुणीतरी चालतंय, पण ते आपल्या बाजूचं आहे. मुलांसाठी लिहिताना मला याच जातीची भीती हवी असते.

चकवा मला सगळ्यात उपयोगी पडला आहे. ओळखीच्या वाटेवर माणूस रात्रभर फिरत राहतो आणि पहाटे कळतं की तो एकाच झाडाभोवती फिरत होता. त्यात रक्त नाही, दात नाहीत, कुणी मरत नाही, तरी वाचताना पोटात खड्डा पडतो. मुलांना अंधारात हात सुटण्याची, घर न सापडण्याची भीती खरी माहीत असते. तिला हात घातला की वर्णनाची फारशी गरज उरत नाही. आधी कानाला ऐकू येऊ द्या, मग नाकाला वास, डोळ्यांना सगळ्यात शेवटी आणि तेही अर्धवट. ‘भयानक’, ‘भेसूर’, ‘अंगावर काटा आणणारा’ हे शब्द मी पहिल्या खर्ड्यातून शोधून काढून टाकते. रात्री बंद घराच्या माळ्यावर कुणीतरी धान्य पाखडतंय असा सुपाचा आवाज येतो, एवढं लिहिलं की पुरतं.

काही गोष्टी मी लिहीत नाही, आणि त्या का लिहीत नाही हे नव्यांना आवर्जून सांगते. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, ही कल्पना मी वापरत नाही. तिचं दुःख मला मुलांना घाबरवण्यासाठी वापरवत नाही. गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी, अंगावर डाग असलेला माणूस, वेडसर भासणारा कुणी, यांना भीतीचं कारण करत नाही. मुलं गोष्ट मिटवून रस्त्यावर येतात आणि तिथे त्यांना अशीच म्हातारी भेटते. भगताच्या अंगाऱ्याने कुणी बरं झालं असंही माझ्या गोष्टीत होत नाही. साप चावला तर गोष्टीतली मुलं सरकारी दवाखाना गाठतात. अघोरी प्रथांविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ साली कायदा झाला, त्यामागे किती वर्षांची झुंज होती हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा आग्रह समजेल.

मग भूत खरं की खोटं? मी दोन्ही प्रकारच्या गोष्टी लिहिते, पण एकाच गोष्टीत डळमळत नाही. गोष्ट रहस्याची असेल तर शेवटी माणूस सापडलाच पाहिजे. भुताचीच असेल तर पहिल्या दोन पानांत त्या जगाचे नियम ठरतात आणि भूतही ते पाळतं. उंबरा ओलांडत नाही म्हटलं की नाही. सुटकेची वाट त्या नियमातूनच निघते आणि ती मुलाने स्वतः शोधायची असते.

छापून येण्याबद्दल थोडक्यात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. लिहिण्याआधी त्यातले पन्नास अंक तरी वाचा. दिवाळी अंकांसाठी गोष्ट पावसाळा सुरू होताना तयार हवी, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. माझी पहिली गोष्ट एका संपादकांनी सात महिने ठेवून घेतली आणि न कळवता शेवटची दोन पानं गाळून छापली. उलगडाच गेला. तेव्हापासून मी गोष्ट पाठवतानाच शब्दसंख्या लिहिते आणि कापायची झाल्यास कुठून कापता येईल तेही सुचवते. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि मुद्रितं पाहायला मागा. ‘दिवा’चा ‘दावा’ झाला तर रहस्यकथेत अनर्थ होतो. पहिलं मानधन मला तीनशे रुपये मिळालं होतं. यावर घर चालत नाही, नोकरी सांभाळूनच हे करावं लागतं.

मोठ्याने वाचून दाखवायला मुलं मिळवा. शाळा, सोसायटीचं वाचनालय, भाचरं, काहीही चालेल, फक्त ती तुम्हाला घाबरणारी नसावीत. वाचताना त्यांच्या पायांकडे बघा. पाय हलायला लागले की त्या परिच्छेदावर खूण करा. आणि वाचून झाल्यावर ‘आवडली का’ असं विचारू नका, सगळी हो म्हणतात. ‘कुठे पटलं नाही?’ असं विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा.

सध्या मी वाड्यातल्या एका विहिरीची गोष्ट लिहिते आहे. रात्री रहाट आपोआप फिरल्याचा आवाज येतो, आणि विहीर तर मार्चपासून कोरडी आहे. पोहरा पाण्यावर आपटतो तेव्हाचा आणि कोरड्या तळावर आपटतो तेव्हाचा आवाज आत उभ्या असलेल्या माणसाला कसा वेगळा ऐकू येत असेल, ते मला अजून नीट माहीत नाही. रविवारी रेवदंड्याला ओळखीच्यांच्या वाडीत जाऊन ऐकून येणार आहे. त्यानंतरच्या शनिवारी पहिला भाग वर्गात वाचायचा आहे.