एकच दीर्घिका, दोन अंतरं

आमच्या पुसदकडच्या गावात रात्री लाइन गेली की पोरं अंगणात येऊन विचारतात, "मॅडम, ते किती लांब आहे?" दूरच्या दीर्घिकेचं उत्तर, आपण विश्व कसलं मानतो त्यावर ठरतं.

समजा दीर्घिकेची ताम्रसृती (विश्व प्रसरताना तिचा प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) 1 आहे, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी दुप्पट झाली. 0 ते 1 चे दहा भाग पाडा, प्रत्येकाचा मध्य घ्या: 0.05, 0.15, असं 0.95 पर्यंत. त्यात 1 मिळवा, घन करा, 0.3 ने (विश्वातला द्रव्याचा वाटा) गुणा, 0.7 (कृष्ण ऊर्जेचा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या ऊर्जेचा वाटा) मिळवा, वर्गमूळ काढा, 1 ला त्यानं भागा. दहा उत्तरांची बेरीज गुणिले 0.1 केली की 0.771. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर, 70 (किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) धरला, तर याला 1,397 कोटी प्रकाशवर्षांनी गुणा: आजचं अंतर 1,077 कोटी. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे टॉर्चच्या उजेडात, चौकटीच्या वहीच्या एका पानावर केलं. मला फार अभिमान वाटला.

आता 0.3 च्या जागी 1 आणि 0.7 च्या जागी 0 ठेवा. हे नुसत्या द्रव्याचं, कृष्ण ऊर्जेविना विश्व. अंतर सुमारे 818 कोटीच! तेजावरचं अंतर (वस्तू किती फिकी दिसते त्यावरून काढलेलं) हवं तर दोन्हींना 2 ने गुणा. 1998 मध्ये दूरचे अतिनवतारे (स्फोट झालेले तारे) अपेक्षेपेक्षा फिके, म्हणजे जास्त लांब भरले, म्हणून मी 0.7 वालं घेते.