ॲनिमेशन सुरू करण्याआधी: क्लायंटच्या वेबसाइटसाठी तयारीची यादी

पहिल्या मीटिंगला एक प्रश्न नक्की घेऊन जा: हे बघून झाल्यावर माणसाने काय करायचं? फॉर्म भरायचा, उत्पादन कसं चालतं ते समजून घ्यायचं, की फोन लावायचा? एका वाक्यात उत्तर मिळेपर्यंत सॉफ्टवेअर उघडू नका. त्याच बैठकीत ॲनिमेशन कोणत्या पानावर, किती जागेत बसणार हे विचारा. आडव्या पडद्यासाठी केलेलं चित्र उभ्या मोबाइलवर आलं की मजकूर मुंगीएवढा होतो, म्हणून उभी आवृत्ती वेगळी लागणार का हे आत्ताच ठरवा. अंतिम होकार कोण देणार, त्या एकाच व्यक्तीचं नाव लिहून घ्या.

मग सामान मागवा. लोगो व्हेक्टर फाइलमध्येच (कितीही मोठा केला तरी कडा न फाटणाऱ्या चित्राच्या फाइलमध्ये) हवा. स्क्रीनशॉटमधून कापलेला चालणार नाही. रंगांचे कोड, फॉन्ट आणि तो वेबवर वापरायचा परवाना, संगीताचा परवाना, सगळं लेखी.

फाइल कोणत्या प्रकारात द्यायची हे वेबसाइट बांधणाऱ्या डेव्हलपरशी बोलूनच ठरवा. छोटे आयकॉन, बटणांची हालचाल एसव्हीजी (वेबवरच्या व्हेक्टर चित्रांचा प्रकार) आणि सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) छान होते. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून लॉटी फाइल (वेबवर चालणारी हलकी ॲनिमेशन फाइल) काढणार असाल तर तिथले सगळे इफेक्ट तीत उतरत नाहीत, हे चित्रकाराला कामाआधी माहीत हवं. पात्रं, पोत, सावल्या असतील तर सरळ व्हिडिओ. जिफ शक्यतो नको: एका फ्रेमला २५६च रंग, आणि फाइल मात्र जड.

सगळ्यात जास्त वेळ स्क्रिप्ट आणि ॲनिमॅटिकला, म्हणजे आवाजावर सलग लावलेल्या कच्च्या रेखाटनांना, द्या. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ३० सेकंदांच्या ७२० होतात. निवेदनात नंतर एक वाक्य वाढलं आणि दोन सेकंद लांबले, की ४८ फ्रेम नव्याने बसवायच्या आणि त्यापुढचं सगळं सरकवायचं. म्हणून आधी स्टोरीबोर्डची (दृश्यांच्या क्रमवार चित्रांची) साधी रेखाटनं कच्च्या आवाजावर लावा, क्लायंटला ती सलग दाखवा आणि तिथेच भरपूर बदल करू द्या. तिथे बदलायला एक दुपार लागते, रेंडरनंतर, म्हणजे अंतिम फाइल तयार झाल्यावर, आठवडा. मंजुरी मिळाली की पक्कं निवेदन रेकॉर्ड करा आणि मगच हालचालीला हात घाला.

पडद्यावर मराठी मजकूर असेल तर त्याची चाचणी पहिल्याच दिवशी घ्या. एकेक अक्षर उमटवणारे तयार इफेक्ट देवनागरीची बरेचदा वाट लावतात. ‘शिल्प’ हा शब्द असा तुटला की श एकटा उभा राहतो, वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते, ल पाय मोडका दिसतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. त्यापेक्षा अख्खा शब्द आणा, किंवा त्या मजकुराचं चित्राच्या आकारांत रूपांतर करून तो डावीकडून उजवीकडे उलगडा. आपली लिपी पडद्यावर धड दिसावी ही जबाबदारी आपलीच आहे.

आवाजाशिवायही अर्थ कळतो का, हे बघा. आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर सहसा अडवतात, त्यामुळे उपशीर्षकं हवीतच. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवायचं बटण द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लुकलुकू देऊ नका. अपस्मार असलेल्या काहींना त्याने झटका येऊ शकतो. ज्यांनी फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ निवडलंय, त्यांच्यासाठी एक स्थिर चित्र तयार ठेवा.

वेळापत्रकात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरा आणि तिसरीचे पैसे वेगळे, हे करारातच लिहा. मूळ फाइली कोणाच्या, तेही त्यातच. सोपवण्याआधी जुना, स्वस्त फोन घ्या, नेट मंद करा आणि पान उघडून पहिलं चित्र दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.